शेतीत नव्याने उतरताय? जमीन, कर्ज आणि अनुदान यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन तऱ्हेच्या माणसांकडून येतात. घरी जमीन आहे पण ती वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर अडकलेली आहे, असे तरुण. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबले आणि आता स्वतःचं काही करायचं ठरवलं, असे भूमिहीन. आणि नोकरी सोडून किंवा नोकरी सांभाळून शेतीत येऊ पाहणारे, ज्यांच्या घराण्यात कोणी शेतकरी नाही. तिघांच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्यामुळे प्रत्येक उत्तर प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही. खालची सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे. योजनांच्या अटी शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी सध्याचा नियम कार्यालयात विचारून घ्या.

माझ्या नावावर जमीन नाही. मला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येईल का?

तुम्ही कायद्याच्या दृष्टीने शेतकरी असाल तर येईल. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विदर्भासाठी १९५८ चा आणि मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबाद कायदा असे वेगळे कायदे आहेत, पण बंधन तिथेही आहेच. परवानगी न घेता झालेला व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दस्त नोंदवला गेला म्हणजे सुटलो, असं समजू नका. अडचण पुढे फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावर नवं नाव लावण्याच्या, वेळी उभी राहते.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा सातबारा आणि नातं दाखवणारे कागद असतील तर व्यवहारात अडचण सहसा येत नाही. घराण्यात कुणाचाच सातबारा नसेल तर मात्र दोनच सरळ वाटा आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, किंवा जमीन न घेता ती कसायला घेणं, पण कलम ६३ चं बंधन भाडेपट्ट्यालाही आहे, म्हणून तेही वकिलाला विचारूनच. तिसरी वाट एजंट दाखवतात. ते शेतकरी असल्याचा दाखला "करून देतात". त्या वाटेला जाऊ नका. असा दाखला पुढे कधीही तपासला जाऊ शकतो, आणि त्या वेळी एजंट फोन उचलत नाही.

घरची पाच एकर आहे, पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. कर्ज मला मिळेल का?

आजोबा हयात नसतील तर पहिलं काम वारसनोंद. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तलाठ्याचं पदनाम आता हे आहे, गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात. अर्ज ऑनलाइनही करता येतो. नोटीस निघते, हरकतीची मुदत संपते आणि फेरफार मंजूर होतो. यादीत आत्यांची आणि बहिणींची नावं येणारच. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मुलाइतकाच आहे. नावं लपवून केलेली वारसनोंद पुढे हमखास कोर्टात जाते, आणि वाद चालू असलेल्या जमिनीवर कोणतीही बँक कर्ज देत नाही.

वारसनोंद झाली की जमीन सामाईक होते. सामाईक सातबाऱ्यावर कर्ज घ्यायचं तर सगळ्या खातेदारांच्या संमतीच्या सह्या लागतात. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात, त्यातले निम्मे मुंबईत. तिथे सह्या गोळा करण्यातच हंगाम जातो. म्हणून शक्य असेल तर वाटप करून घ्या. सगळे राजी असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होतं. ज्यांना हिस्सा नको आहे ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकतात. वडील हयात आहेत आणि वाटप नको म्हणतात, असं असेल तर वडिलांच्या नावावर कर्ज आणि तुम्ही सहकर्जदार, ही तडजोड बऱ्याच शाखांमध्ये चालते.

आधी जमीन विकत घ्यावी की कसायला घ्यावी?

कसायला. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. शेतजमिनीचा भाव तिच्यातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरत नाही. रस्ता, जवळचं शहर, पुढेमागे होणारी एमआयडीसी, गुंतवणूकदारांचा पैसा, यांवर ठरतो. त्यामुळे कर्ज काढून घेतलेल्या जमिनीचे हप्ते त्याच जमिनीतल्या पिकातून फिटणं फार थोड्या ठिकाणी जमतं. नव्या माणसाचा सगळा पैसा खरेदीत गेला की पाइपलाइनला, बियाण्याला आणि पहिल्या पडत्या हंगामाला हातात काही उरत नाही.

दोन-तीन हंगाम दुसऱ्याची जमीन कसली की त्या भागातलं पाणी, मजूर, बाजार आणि स्वतःची ताकद कळते. शिवाय गावाशी ओळख होते. चांगली जमीन विकायला निघाली की ती बातमी आधी ओळखीतच फिरते, जाहिरात नंतर येते.

मालक जमीन द्यायला तयार आहे, पण लिहून द्यायला नाही. "कूळ लागेल" म्हणतो. काय करायचं?

त्याची भीती हवेतली नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन धरून कायद्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना, म्हणजे कुळांना, मालक केलं, आणि त्यानंतर निर्माण झालेल्या कुळालाही ठरावीक मुदतीत जमीन खरेदीचा हक्क कलम ३२-ओ खाली ठेवला. ज्या घरातल्या जमिनी तेव्हा गेल्या, त्या घरातली चौथी पिढीही कागदाला हात लावायला कचरते. म्हणून राज्यात जमीन कसायला देणं सर्रास चालतं, पण तोंडी. कुठे खंडाने (ठरावीक भाड्याने), कुठे वाट्याने किंवा बटईने (पिकातल्या हिश्शावर), विदर्भात ठोक्याने. नीती आयोगाने २०१६ मध्ये भाडेपट्ट्यासाठी नमुना कायदा तयार केला, त्यामागे हीच अडचण होती.

तोंडी व्यवहाराची किंमत मात्र कसणारा मोजतो. ई-पीक पाहणीत (पिकाची मोबाइलवरून होणारी सरकारी नोंद) पीक लागतं पण सातबारा मालकाचा, त्यामुळे गारपिटीची भरपाई मालकाच्या खात्यात जाते. पीक विम्याला भाडेपट्ट्याने कसणाऱ्याकडून नोंदणीकृत भाडेकरार मागतात. हमीभाव केंद्रावरही सातबाराच मागतात. म्हणजे खर्च तुमचा, जोखीम तुमची आणि संरक्षण दुसऱ्याच्या नावावर.

मार्ग असा काढता येतो. मालकाशी बसून आधी त्याची भीती ऐकून घ्या. लेखी करारात मुदत, जमीन परत देण्याची तारीख आणि मालकी हक्क सांगणार नाही ही कबुली स्पष्ट असू द्या, आणि तो वकिलाकडून करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. एक सावधगिरी दोघांसाठीही: बाजारात अकरा महिन्यांचे छापील करार मिळतात, पण नुसतं "अकरा महिने" लिहिलं म्हणून कुळकायदा बाजूला सरत नाही. तालुक्यात जमिनीची कामं करणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका, मालकालाही करू देऊ नका. मालक विधवा, सैन्यात किंवा अपंग असेल तर कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत, त्या वकील सांगेल.

नोंदणीला मालक अजिबात तयार नसेल तर निदान एवढं करा: खंडाची रक्कम रोख न देता बँकेतून द्या, बियाण्या-खताच्या पावत्या स्वतःच्या नावाने घ्या, आणि भरपाई आली तर ती कोणाची, हे पेरणीआधी चार माणसांसमोर ठरवा. मालक स्वतः गावात नसेल तर त्याच्या भावांशीही बोला. वाद बहुतेक वेळा मालकाकडून येत नाही, भावकीतून येतो.

करारात नवखी माणसं काय लिहायला विसरतात?

पाणी. जमीन दोन एकर लिहिली जाते, पण विहिरीत मालकाचा हिस्सा किती, पाण्याची पाळी आठवड्यातून कोणत्या दिवशी आणि मोटारीचं वीजबिल कोणाकडे, हे राहून जातं. दुसरं, तुम्ही केलेला टिकाऊ खर्च. ठिबक, कुंपण, मुरमाच्या रानात टाकलेली गाळाची माती. करार संपल्यावर ठिबक काढून नेता येतं, गाळ नेता येत नाही. एका वर्षाच्या बोलीवर कोणाच्याही रानात गाळ टाकू नका. तिसरं, उभं पीक असताना मुदत संपली तर काढणीपर्यंत रान कोणाकडे, हे.

विकत घ्यायचीच आहे. कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने बघायचे?

सुरुवात सातबाऱ्यापासून. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तेव्हा विकणाऱ्याने हातात ठेवलेल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. उताऱ्यावर सर्वात आधी भूधारणा पद्धत बघा. भोगवटादार वर्ग १ असेल तर व्यवहार मोकळा. वर्ग २ असेल तर सरकारने दिलेली, इनामी, वतनी, पुनर्वसनाची किंवा तशीच काही बंधनं असलेली जमीन असू शकते, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा दिसतो. खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून ते बंधन सुटतं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घेण्याचा विचार सोडून द्यावा. महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ खाली जिल्हाधिकारी आणि शासनाच्या मंजुरीशिवाय ती हस्तांतरित होत नाही, आणि हे बंधन योग्यच आहे.

मग इतर हक्कांचा रकाना. तिथे गावच्या सोसायटीचा इकरार (कर्जासाठी जमिनीवर चढवलेली नोंद), बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम असं बरंच काही दडलेलं असतं. बोजा असेल तर विकणाऱ्याकडून बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला आणि बोजा उतरवल्याचा फेरफार, दोन्ही मागा. "पैसे मिळाले की लगेच भरतो" या शब्दावर दस्त करू नका. वाटल्यास खरेदीच्या रकमेतून परस्पर बँकेत भरा.

त्यानंतर जुने फेरफार वाचा. आजच्या सातबाऱ्यावर आलेलं नाव कसं आलं, हे फेरफारावरूनच कळतं. मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्या. एखाद्या बहिणीचं नाव मधल्या कोणत्या फेरफाराने कमी झालं, ते हक्कसोडपत्राने झालं की नुसत्या जबाबावर, हे इथेच सापडतं.

कागद झाले की पाय वळवा रानाकडे. रस्ता आहे का, आणि तो नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर? विकणाऱ्याचे शेजाऱ्याशी संबंध चांगले असतात म्हणून त्याचा ट्रॅक्टर जातो. तुम्ही परके, तुमचा जाईलच असं नाही. रस्त्यासाठी तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली किंवा मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते, पण त्यात वर्षं जातात. म्हणून घेण्याआधीच शेजाऱ्यांना भेटा. सरकारी मोजणी करून हद्दी खुणा बघितल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. आणि विहीर एप्रिल-मे महिन्यात बघा. ऑक्टोबरात प्रत्येक विहिरीला पाणी असतं.

मला फक्त पाच गुंठे हवेत, पॉलिहाऊसपुरते. मिळतील?

तुकडेबंदी कायद्यामुळे नाही. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे झालं आहे. त्याहून लहान तुकडा शेतीसाठी वेगळा विकत घेता येत नाही.

जमीन खरेदीसाठी बँक कर्ज देते का?

देते, पण प्रत्येकाला नाही. अल्प आणि अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्यांना) शेतजमीन खरेदीसाठी दिलेलं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांनी प्राधान्याने द्यायच्या कर्जांत, धरलं जातं. स्टेट बँकेची भूमी खरेदी योजना ५ एकरांपर्यंत जिरायत किंवा अडीच एकरांपर्यंत बागायत असलेल्या शेतकऱ्यांसाठी आणि भूमिहीन शेतमजुरांसाठी आहे. किमान दोन वर्षांच्या चांगल्या परतफेडीची नोंद लागते, आणि बँकेने ठरवलेल्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. "बँकेने ठरवलेल्या" हे शब्द नीट वाचा. बँकेचं मूल्यांकन आणि बाजारातला भाव यांत मोठी दरी असते आणि ती रोखीने तुम्हालाच भरावी लागते.

भूमिहीनांना सरकार जमीन देतं असं ऐकलं. खरं आहे?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन मिळते. आधी निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण रक्कम अनुदान आहे. विधवा आणि परित्यक्ता महिलांना प्राधान्य. मिळालेली जमीन विकता किंवा भाड्याने देता येत नाही, स्वतः कसावी लागते. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात करायचा.

योजना चांगली आहे, अडतं ते भावावर. शासन जमीनमालकाकडून जिरायत एकरी ५ लाख आणि बागायत एकरी ८ लाख या मर्यादेत जमीन घेतं. पुणे, नाशिककडे या भावात कोण जमीन देणार? विदर्भ-मराठवाड्यातल्या आतल्या तालुक्यांत अजून शक्य आहे. तुमच्या गावात कोणी जमीन विकायला काढली असेल तर त्या मालकालाच समाजकल्याण कार्यालयात प्रस्ताव द्यायला राजी करा. नुसता अर्ज देऊन वाट बघणाऱ्यापेक्षा जमीन शोधून देणाऱ्याचं काम लवकर हलतं.

पीककर्ज किती मिळतं आणि व्याज किती?

जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी प्रत्येक पिकासाठी हेक्टरी कर्जदर ठरवते. तो गुणिले तुमचं क्षेत्र, हा पाया. पीककर्ज ज्यावर मिळतं त्या किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत त्यावर १० टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी, २० टक्के अवजारांच्या देखभालीसाठी धरले जातात. म्हणून सातबाऱ्यावर सोयाबीन लागलेलं असताना द्राक्षाच्या दराने कर्ज मिळत नाही. ई-पीक पाहणी करून ठेवा, बँका ती बघतात.

३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज ७ टक्के. मुदतीत फेडलं तर केंद्राकडून ३ टक्के सूट, आणि उरलेला भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उचलतं. म्हणजे वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत शून्य टक्के. एवढं स्वस्त भांडवल दुसऱ्या कोणत्याही धंद्याला मिळत नाही. पण एक दिवस उशीर झाला तरी सवलत जाते. व्याजाची सूट नंतर खात्यात जमा होते, आधी तुम्हाला भरावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

मार्चअखेर गावागावांत "नवं-जुनं" चालतं: इकडून तिकडून हातउसने घेऊन कर्ज भरायचं आणि दोन दिवसांत नवं उचलायचं. कायदेशीर आहे, सवलतही टिकते. मात्र दरवर्षी हेच करावं लागत असेल तर पीक कर्ज फेडत नाही, हे स्वतःशी कबूल करून रकमेत कपात करा.

सोसायटीतून घ्यावं की राष्ट्रीयीकृत बँकेतून?

तुमच्या जिल्हा मध्यवर्ती बँकेची प्रकृती कशी आहे त्यावर. जिथे ती धडधाकट आहे तिथे गावची विकास सोसायटी सर्वात सोपी. सचिव ओळखीचा, कागद कमी, सभासद झालात की निवडणुकीत मतही. काही जिल्हा बँका अडचणीत आहेत, तिथे कर्ज मंजूर होऊनही पैसे हाती यायला वेळ लागतो. गावातल्या दोन-तीन सभासदांना गेल्या वर्षी रक्कम कधी मिळाली एवढं विचारा, उत्तर मिळेल. एकाच जमिनीवर दोन्हीकडून पीककर्ज घेता येत नाही.

जमीन दुसऱ्याची आहे. मग कर्ज कसं मिळणार?

भाडेपट्टेदार, तोंडी कसणारे आणि वाटेकरी किसान क्रेडिट कार्डासाठी पात्र आहेत, हे रिझर्व्ह बँकेच्या योजनेतच लिहिलेलं आहे. शाखेत मात्र "सातबारा आणा" हेच ऐकू येतं. तिथे दोन गोष्टी कामी येतात. एक, नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने पुढे आणलेला संयुक्त देयता गट: चार ते दहा कसणारे एकत्र येतात, एकमेकांची हमी देतात, तारण लागत नाही. दुसरं, ५० हजारांपर्यंतच्या कर्जाला स्थानिक प्रशासन किंवा ग्रामपंचायतीने दिलेला पीक कसत असल्याचा दाखला बँक ग्राह्य धरू शकते. गट करताना नात्यातली पोरं गोळा करू नका. एक बुडाला तर सगळ्यांचं खातं थकीत दिसतं, त्यामुळे ज्याच्याकडून पैसे मागायला संकोच वाटतो तो गटात नको.

तारण किती लागतं? आणि सिबिल?

१ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागता येत नाही, आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. ३ लाखांपर्यंतच्या कार्डाला प्रक्रिया शुल्क आणि तपासणी शुल्क माफ आहे. पीककर्जासाठी सिबिलची (जुन्या कर्जफेडीवरून ठरणाऱ्या स्कोअरची) सक्ती करू नये असं राज्य सरकार बँकांना वेळोवेळी सांगत आलं आहे. शाखा तरीही स्कोअर बघतातच. मोबाइलचा किंवा दुचाकीचा जुना हप्ता थकला असेल तर अर्जाआधी मिटवा.

शेळीपालन, दुग्धव्यवसाय, शेड, प्रक्रिया यांसाठी काय आहे?

पशुपालनाला किसान क्रेडिट कार्डावर २ लाखांपर्यंत खेळतं भांडवल सवलतीच्या व्याजात मिळतं, त्याला जमीन असण्याची गरज नाही. गोदाम, पॅकहाउस, प्रतवारी यांसाठी २०२० चा कृषी पायाभूत सुविधा निधी आहे, ज्यात २ कोटींपर्यंतच्या कर्जाला ७ वर्षं ३ टक्के व्याजसवलत. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान. कृषी पदवीधर किंवा पदविकाधारकांना ॲग्री-क्लिनिक योजनेतून ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण आणि कर्जाला ३६ टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. मराठा तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. यातल्या काही योजनांची मुदत ठरावीक आर्थिक वर्षापर्यंतच असते, तेव्हा अर्ज सुरू आहेत का ते विचारून मगच प्रकल्प अहवालावर पैसे घाला.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढे ५० टक्के अनुदान आहे. आकडा पाहून पुष्कळ जण थेट शंभरावर उडी घेतात. ज्याने कधी वीस शेळ्यांचा पावसाळा काढलेला नाही, त्याने ती योजना दोन वर्षांनी बघावी. अनुदान दोन टप्प्यांत येतं, शेळ्यांचा जीवघेणा पीपीआर रोग मात्र एकाच टप्प्यात येतो.

अनुदान मंजूर झालं तर कर्जाची गरज उरते का?

उरते. नवख्यांना सर्वात जास्त फसवणारी जागा हीच. महाडीबीटीवरची (योजनांचे अर्ज घेणाऱ्या राज्याच्या पोर्टलवरची) बहुतेक अनुदानं आधी खर्च करा, मग परत घ्या अशी आहेत. क्रम असा: अर्ज, निवड, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, तपासणी, मग खात्यात रक्कम. पूर्वसंमतीच्या आधीची तारीख बिलावर असली तर अनुदान गेलं. ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत मदत मिळते खरी, पण रक्कम हाती येईपर्यंत दुकानदाराचं देणं कुठून द्यायचं ते आधी ठरवा. आणि एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय योजनांचा लाभ नाही. जमीन नावावर लागली की तो काढायच्या मागे लागा.

जमीन घेतली, आता पीएम किसानचे पैसे मिळतील ना?

१ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर नाही. वारसाहक्काने आली असेल तर मिळू शकतात. ही रक्कम हिशेबात धरू नका.

शेती मीच करते, पण सातबारा नवऱ्याच्या नावावर आहे. माझ्या नावाने काही मिळेल का?

बचत गट हा तुमच्यासाठी सर्वात मोकळा दरवाजा. उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांच्या गटांना बँका विनातारण कर्ज देतात, आणि नियमित फेडणाऱ्या गटांना व्याजात सवलत असते. गटाच्या पैशातून शेळ्या, भाजीपाला, खंडाने घेतलेला एखादा तुकडा अशी सुरुवात बऱ्याच जणींनी केली आहे. सोबत लक्ष्मी मुक्ती योजनेतून पतीच्या संमतीने सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून नाव लावून घेता येतं. घरात बोलणं अवघड असतं, पण नाव लागलं की विमा, अनुदान, कर्ज सगळीकडे तुम्ही शेतकरी म्हणून उभ्या राहता. एकल महिलांनी माहेरच्या वारसनोंदीत नाव आहे का तेही तपासावं.

बँकेने तोंडीच नकार दिला. पुढे?

तोंडी नकार घेऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पूर्ण कागदपत्रांसह आलेल्या किसान क्रेडिट कार्डाच्या अर्जावर दोन आठवड्यांत निर्णय अपेक्षित आहे. नकाराचं कारण लेखी मागा. मग जिल्हा अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकांना भेटा, ही पायरी लोकांना माहीतच नसते आणि बरीच कामं तिथेच मार्गी लागतात. व्यापारी किंवा ग्रामीण बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते. सोसायटी सभासदत्वच देत नसेल तर तालुक्याचे सहायक निबंधक.

तोवर सावकाराकडून घेतले तर?

परवाना बघा. शेतकऱ्याला परवानाधारक सावकार तारणावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण १२ टक्क्यांहून जास्त व्याज लावू शकत नाही. महिन्याला शेकडा तीन-पाच मागणारा बेकायदेशीर आहे. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेत असेल तर तिथून उठा. २०१४ च्या सावकारी कायद्यात अशी जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे, पण ती लढाई लांबते.

हप्ते कसे पाडून घ्यावेत?

पिकाच्या गतीने. पालेभाजी दीड महिन्यात पैसा देते, डाळिंबाला दोन वर्षं लागतात, आंबा चार-पाच वर्षं काहीच देत नाही. फळबागेच्या मुदत कर्जात उत्पन्न सुरू होईपर्यंत मुद्दलाला सवलतीचा काळ मिळतो, तो मागून घ्या. मासिक हप्ता गाय-म्हशीला चालतो, सोयाबीनला चालत नाही. पहिल्या वर्षाचा घरखर्च कर्जाबाहेर, वेगळा बाजूला काढलेला असावा. तो नसेल तर नोकरी किंवा मजुरी सोडायची घाई नको.

हे सगळं सुरू करायला वर्षातली वेळ कोणती?

दिवाळीनंतर. वारसनोंद, फेरफार, करार यांना हिवाळा द्या. पुष्कळ भागांत सालगड्याचे आणि ठोक्याचे व्यवहार गुढीपाडव्याच्या आसपास ठरतात, तेव्हा जमिनीची बोलणी फेब्रुवारीतच सुरू व्हायला हवीत. खरिपाच्या पीककर्जाचं वाटप एप्रिलपासून होतं. मे महिन्यात कागद बँकेत पडले असतील तर पेरणीआधी पैसे हाती येतात. जूनमध्ये पाऊस पडल्यावर गेलात तर शाखेत रांग असते आणि खत उधारीवर उचलावं लागतं. खरीप पीक विम्याची मुदत बहुधा ३१ जुलैपर्यंत असते. त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागणार असेल तर दुय्यम निबंधकाकडची वेळ जूनमध्येच घेऊन ठेवा.